दहा दिवसांचा गाळ

अंबादास : डब्यात गाळ नेते का कोणी, मॅडम?

पद्मजा : डब्यात गाळ नेता असं कोण म्हणालं?

अंबादास : म्हटलं कोणीच नाही. काल संध्याकाळी गेटवर वॉचमन अण्णानं माझा डबा उघडून पाह्यला. एकतीस वर्षांत पयल्यांदा. दुपारी त्याच डब्यातली भाजी खाते तो, आन् संध्याकाळी त्यातच वाकून पाहून राहिला! मी म्हटलं, काहून रे बाप्पा? तर मान खाली. म्हणे, "भैया, ऊपर से ऑर्डर है."

पद्मजा : माझी ऑर्डर नाही ती. मी फक्त हेड ऑफिसला एक मेल केला होता.

अंबादास : अच्छा. म्हंजे तुमचाच मेल. कायचा?

पद्मजा : बसा आधी, अंबादासजी.

अंबादास : उभाच बरा आहे. कपडे गाळाचे आहेत, तुमची खुर्ची भरन.

पद्मजा : मग उभ्यानेच ऐका. या लॅबमध्ये येऊन मला दोन महिने झाले. डेअरीचं सगळं सांडपाणी आपल्या टाकीत येतं. आपण हवा सोडतो, जंतू पाण्यातली घाण खातात, वाढतात, पुढच्या टाकीत तळाला बसतात. तो बसलेला गाळ आपण परत पहिल्या टाकीत पाठवतो आणि रोज त्यातला थोडा बाहेर काढून वाफ्यांवर वाळत घालतो. बरोबर?

अंबादास : हे तुमी मले सांगून राहिल्या? टाकीचा पाया खोदला तवा फावडं माझ्या हाती होतं.

पद्मजा : त्या जंतूंचा मुक्काम टाकीत सरासरी किती दिवस असतो, ते मला दर महिन्याला काढून रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. गाळाचं वय म्हणतात त्याला.

अंबादास : माहीत आहे. तुमच्या आधीचे जुने साहेब दहा लिवत. उन्हाळा असो का हिवाळा, दहा.

पद्मजा : ते कसं काढत, माहीत आहे?

अंबादास : साहेबांले विचाराची आमची टाप होती का?

पद्मजा : सोपं आहे. नर्मदेकाठी ग्वारीघाटच्या धर्मशाळेत चाळीस माणसं आहेत. रोज चार जातात, चार नवी येतात. एक माणूस किती दिवस राहिला?

अंबादास : दहा. पण दहा दिवस राहू कोण देते? तिसऱ्या दिवशी मॅनेजर बिस्तर बाहेर फेकते.

पद्मजा : इथला मॅनेजर तुम्ही. आपल्या टाकीत तीन हजार किलो गाळ आहे. तुमच्या रजिस्टरप्रमाणे काढायचा पंप रोज दोन तास चालतो, तासाला पंधरा हजार लिटर. म्हणजे तीस हजार लिटर. सकाळी तुम्ही जी बाटली आणून देता, तिच्यात लिटरमागे दहा ग्रॅम गाळ निघतो. तीस हजार लिटरमध्ये तीनशे किलो. तीन हजारातले रोज तीनशे जातात.

अंबादास : दहा दिवस. मंग जमलं ना! जुने साहेब बरोबरच होते.

पद्मजा : नाही जमलं. इथे मायक्रोस्कोपमध्ये वाकून बघा. दुसरा डोळा मिटा.

अंबादास : हा तर चक्कीवाला. डोक्यावर दोन चाकं फिरून राहिली. साहेबांनी एकदा दाखवला होता. हा दुसरा... तिसरा... आन् हे काय? अस्वलासारखं, आठ पायाचं, डुलत डुलत चाललं!

पद्मजा : ही मंडळी दहा दिवसांच्या गाळात अशी गर्दी करत नाहीत. त्यांना वाढायला वेळ लागतो. गाळ चांगला जुना झाला की ती दिसायला लागतात. आणि बाहेर नाल्यात जाणारं पाणी बघा. बारीक कण तरंगतायत. तेही जुन्या गाळाचंच लक्षण.

अंबादास : म्हंजे तुमचा हिशेब खोटा.

पद्मजा : किंवा तुमचं रजिस्टर.

अंबादास : हं. आता आल्या तुमी मुद्द्यावर.

पद्मजा : अजून पूर्ण आले नाही. रोज तीनशे किलो वाफ्यांवर गेला तर महिन्याला नऊ टन कोरडा गाळ जमायला हवा. काट्यावर, ओल वजा करून, किती भरला? साडेचार. उरलेला साडेचार टन कुठे गेला, हे मला कुणीतरी सांगावं.

अंबादास : साडेचार टन! तेवढा नेण्याएवढा डबा जबलपुरात कोण बनवते, मॅडम?

पद्मजा : डब्याचं मी बोलतच नाही. मंगळवारी एक ट्रॉली आत आली होती. इथल्या पाटण गावची.

अंबादास : रामकृष्णाची. माझा साडू आहे तो, लपवून काय करू? मटाराले घालते हा गाळ. तो एकटाच नाही, पाटणचे सहा-सात जण नेतात, कंपनीच बोलावते त्यांले. गेटपास आहे, काट्याची चिठ्ठी आहे. आन् तुमाले सांगतो, दोन पोती मी बी नेली, मदन महलच्या घरी, गुलाबाले. ते बी चिठ्ठीवर. विचारा अण्णाले.

पद्मजा : साडेचार टन चिठ्ठीवर आणि साडेचार टन चिठ्ठीशिवाय, असं होऊ शकतं.

अंबादास : झालं असं म्हणता?

पद्मजा : मी म्हणत नाही की झालंय. होऊ शकतं, एवढंच.

अंबादास : होऊ तर काहीबी शकते, मॅडम. मी बी एक विचारू?

पद्मजा : विचारा.

अंबादास : तुमी पुण्याहून आल्या तवापासून मी बी पाहून राहिलो. रोज सकाळी या खिडकीत उभ्या राहता आन् मोबाईलवर फोटो काढता. खाली वाफ्यांवर मी, माझी घमेली, माझी माणसं. कोणासाठी काढता? चहाच्या टपरीवर पोरं म्हणतात, एप्रिलपासून ठेकेदार येऊन राहिला. जुन्या माणसांले काढाचं तर आधी चोर ठरवाचं, अशी रीत आहे का पुण्याले?

पद्मजा : ठेकेदाराचं मला काही माहीत नाही. मी वाफ्यांचे फोटो काढत होते. रोज किती गाळ वाढतो ते बघायला.

अंबादास : म्हंजे पाळत.

पद्मजा : नाही, म्हणजे...

अंबादास : पाळतच म्हणतात त्याले मराठीत. का तुमच्याकडे दुसरा शब्द आहे?

पद्मजा : नाही. पाळतच होती.

अंबादास : मंग आता माझीबी पाळत पाहा. हे घ्या.

पद्मजा : काय आहे हे? वही?

अंबादास : जुन्या साहेबांच्या वेळेस पंप जळला आन् त्यांनी माझ्यावर ढकललं. तवापासून माझी ही वेगळी वही. पंप चालू केला तो टाइम, बंद केला तो टाइम, पंपावरच्या मीटरचा आकडा. बाजूले अण्णाची सही. तोच अण्णा, डबा पाहणारा. सहा वर्षांत एक दिवस सुटला नाही. सासरा वारला त्या दिवशीबी सकाळी पंप चालवून मंग गेलो.

पद्मजा : थांबा, बघू द्या. बारा तारीख... तेरा... चौदा... रोज दोन तास. एखाद्या दिवशी पाच मिनिटं इकडेतिकडे. मीटरचा आकडा वर लॅबच्या पॅनेलवरही दिसतो, कालचा मी स्वतः वाचलाय.

अंबादास : मंग?

पद्मजा : जुळतोय.

अंबादास : जुळला तर तुमाले वाईट वाटून राहिलं का?

पद्मजा : मला उत्तर पाहिजे, अंबादासजी. पंप दोन तास चालला, हे मान्य. पण पंप झिजला असेल तर? पंधरा हजारांऐवजी सात-आठच हजार लिटर टाकत असेल?

अंबादास : आता पंप चोर?

पद्मजा : दोनशे लिटरचा ड्रम आहे ना खाली? पंप ठीक असेल तर तो अठ्ठेचाळीस सेकंदांत भरला पाहिजे. चला, मी येते.

अंबादास : तुमी? खाली?

पद्मजा : का? येऊ नये?

अंबादास : या ना. सँडल नका घालू पण, पाय घसरते. तिथं गमबूट आहेत. दोन महिन्यांपासून तुमच्या नावाचे ठेवले आहेत, धूळ झटकून घ्या.

(दोघं लोखंडी जिन्याने खाली पंपाजवळ येतात. डाव्या हाताला गाळ वाळवायचे वाफे.)

पद्मजा : ड्रम रिकामा आहे? तळाला काही नाही ना?

अंबादास : वाका आन् पाहा. माझ्या शब्दावर भरोसा नका करू.

पद्मजा : सोडा. एक, दोन, तीन...

अंबादास : मनात मोजा ना, मॅडम. मोबाईलवर घड्याळ आहे तुमच्या.

पद्मजा : बोलू नका... चाळीस... पंचेचाळीस... सत्तेचाळीस...

अंबादास : भरला! बंद करतो.

पद्मजा : अठ्ठेचाळीस. पंप बरोबर आहे.

अंबादास : चलो. वही चोर नाही, पंप चोर नाही. आता राह्यलं कोण? मीच ना?

पद्मजा : मला असं म्हणायचं नाहीये.

अंबादास : मेलमधी काय म्हटलं होतं?

पद्मजा : ते नंतर बोलू. तुम्ही सकाळची बाटली भरता, ती कुठून?

अंबादास : याच नळातून. पंपाच्या बाजूचा.

पद्मजा : आता भरा. रोज भरता तशी.

अंबादास : जग आणतो.

पद्मजा : जग कशाला? बाटली आहे ना?

अंबादास : अरे, पाहा तर खरं. हा जग भरला काठोकाठ. ठेवला कठड्यावर. आता एक चहा होते तोवर हात नाही लावाचा.

पद्मजा : का?

अंबादास : बसू द्या ना त्याले. चहा पिता? अदरकचा आहे.

पद्मजा : नको.

अंबादास : हो, तुमी खालचं काही घेत नाही. पयल्या दिवशी मी डबा पुढे केला होता, वांग्याचं भरीत होतं. तुमी म्हटलं, मी इथं काही खात नाही.

पद्मजा : लॅबमध्ये खायचं नसतं म्हणून म्हटलं होतं. जंतू असतात.

अंबादास : लॅबमधी कोणी म्हटलं? तिकडं निंबाखाली बसतो आमी. पण बरं. झालं पाहा, बसला गाळ. वरतं पाणी कसं निवळशंख. आता हे वरचं ओतून द्याचं...

पद्मजा : थांबा! काय करताय?

अंबादास : काय केलं?

पद्मजा : वरचं पाणी का ओतलंत?

अंबादास : मंग पाणी काय कराचं? तुमाले गाळ पायजे ना? हा पाहा, खालचा कसा घट्ट, मलईसारखा. हा बाटलीत. दोन लिटरच्या जगातून एक लिटर अस्सल माल. आजवर तुमाले कच्चा माल दिला नाही मी.

पद्मजा : रोज असंच करता?

अंबादास : रोज. सहा वर्षं झाली. आधी सिधी बाटली भरून नेत होतो. जुन्या साहेबांनी एक दिवस उजेडात धरली अन् भडकले. "पानी क्यों लाए हो? माल लाओ!" सगळ्यांसमोर. तवापासून आपल्या हातची बाटली कधी पातळ गेली नाही. पाव्हण्याले दूध द्याचं तर साय काढल्यावरचं देतो का आपण?

पद्मजा : दोन लिटरचा गाळ एका लिटरच्या बाटलीत.

अंबादास : हाव. मंग?

पद्मजा : म्हणजे लिटरमागे दहा ग्रॅम नाहीच. पाच.

अंबादास : पाच कसे?

पद्मजा : पंपातून जातो तो असा गाळ नाही, अंबादासजी. पंप वरचं पाणी ओतून देत नाही. तो पाण्यासकट ओढतो. तीस हजार लिटरमध्ये पाच-पाच ग्रॅम. रोज तीनशे किलो नाही, दीडशे जातो. तीन हजाराला दीडशे... वीस दिवस. गाळाचं वय वीस दिवस. म्हणून चक्कीवाले. म्हणून गढूळ पाणी.

अंबादास : आन् महिन्याले किती झाले दीडशेच्या हिशेबानं?

पद्मजा : साडेचार टन.

अंबादास : काट्यावर किती होता?

पद्मजा : साडेचार.

अंबादास : म्हंजे दुसरा साडेचार टन...

पद्मजा : तो कुठे गेला नाही. तो कधी नव्हताच.

अंबादास : जो गाळ नव्हताच, तो माझ्या डब्यात शोधून राहिले होते.

पद्मजा : तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं, की मी पाणी ओतून देतो म्हणून!

अंबादास : तुमी एकदा तरी विचाराचं होतं, की कसा आणतो म्हणून. आजच्या आधी हे गमबूट घातले का तुमी? मी बाटली आणून टेबलावर ठेवाचो, तुमी टिशू पेपरनं धराच्या. विचारन कधी माणूस?

पद्मजा : खरं आहे. मी उतरलेच नाही. वास येतो म्हणून नाही उतरले. वर बसून सगळं कळतं असं वाटलं मला.

अंबादास : चूक माझीबी आहे. चांगलं द्याच्या नादात खोटं देऊन बसलो. पण चूक वेगळी आन् चोरी वेगळी, मॅडम. मेलमधी नाव लिवलं होतं?

पद्मजा : हो.

अंबादास : पूर्ण?

पद्मजा : अंबादास उमाळे, ऑपरेटर.

अंबादास : बापाचं नाही लिवलं?

पद्मजा : नाही. फक्त आडनाव.

अंबादास : आडनाव बापाचंच असते. मागं घेता येते का तो मेल?

पद्मजा : नाही. गेला तो गेला.

अंबादास : मंग हेड ऑफिसले फोन लावा. इथंच. आवाज मोठा करून. माझ्यामागं जे बोलाचं ते एकदा माझ्यासमोर होऊन जाऊ द्या.

पद्मजा : लावते... हॅलो, श्रीरंग सर? पद्मजा बोलतेय, जबलपूर लॅब.

श्रीरंग : बोला मॅडम, तुमचीच फाइल उघडून बसलोय. व्हेरी गुड वर्क. त्या माणसाचं लेटर रेडी आहे, सोमवारपासून गेटच्या आत घ्यायचं नाही. तीन महिन्यांवर रिटायरमेंट होतं ना त्याचं? असे लोक शेवटीच हात मारतात.

पद्मजा : सर, गाळ चोरीला गेलेला नाही. सॅम्पलमध्ये चूक होती. वरचं पाणी काढून सॅम्पल यायचं, त्यामुळे माझा आकडा दुप्पट आला. रजिस्टर, मीटर, पंप, सगळं मी आत्ता तपासलं.

श्रीरंग : सॅम्पल कोण आणतो?

पद्मजा : उमाळे.

श्रीरंग : मग झालं की. त्याचीच चूक. लेटरमध्ये कारण बदलू आपण, त्यात काय.

पद्मजा : ...

श्रीरंग : हॅलो? आवाज जातोय का?

पद्मजा : येतोय, सर. त्यांनी आणलं, पण कसं आणायचं ते शिकवणं माझं काम होतं. दोन महिन्यांत मी एकदाही सोबत गेले नाही. चूक माझी आहे.

श्रीरंग : मॅडम, जरा समजून बोला. मागच्या महिन्याचा प्रदूषण बोर्डाला गेलेला रिपोर्ट तुमच्या सहीचा आहे. तुम्ही प्रोबेशनवर आहात. चोरी म्हटलं की विषय तिथे संपतो. तुमची चूक म्हटली की तो तुमच्यापासून सुरू होतो.

पद्मजा : होऊ द्या. सुधारलेला रिपोर्ट आज पाठवते. वीस दिवस लिहून, खाली माझ्या सहीने. आणि दुसरा मेल, पहिला ज्यांना ज्यांना गेला त्या सगळ्यांना, उमाळेंचं पूर्ण नाव लिहून. लेटर काढू नका, सर.

श्रीरंग : लेटर थांबवतो. पण गेटवरचं चेकिंग सोमवारपर्यंत चालू राहील, ती सिक्युरिटीची ऑर्डर आहे, माझ्या हातात नाही. आणि तुमचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल. ठेवतो.

अंबादास : प्रोबेशन म्हंजे कच्ची नोकरी ना?

पद्मजा : हो. सहा महिने.

अंबादास : मले वाटलं तुमी पक्क्या. म्हणून येवढा ताठा.

पद्मजा : ताठा नव्हता तो. भीती होती. पहिल्याच नोकरीत मला कुणी फसवू नये, याची.

अंबादास : मध्ये तो हॅलो-हॅलो करून राहिला होता, तवा तुमी गप्प बसल्या.

पद्मजा : हो.

अंबादास : पाहून राहिलो होतो मी. तेवढ्या वेळात काय काय आलं असन तुमच्या मनात.

पद्मजा : आलं. खोटं नाही बोलत.

अंबादास : नका बोलू. मले बी इतक्यात सगळं विसरता येणार नाही. आता पंपाचं काय? विसाचे दहा दिवस कराले आजपासून चार तास चालवू?

पद्मजा : एकदम नको. टाकीतले निम्मे जंतू निघून गेले तर घाण कोण खाणार? रोज दहा-बारा मिनिटं वाढवू. आणि उद्यापासून बाटली भरताना मी इथे उभी राहीन.

अंबादास : पाळतीले?

पद्मजा : शिकायला. हा नळ कधी उघडायचा, किती वेळ सोडून मग भरायचं, ते तुम्हालाच माहीत आहे.

अंबादास : पयली बादली सोडून द्याची, पाइपातला शिळा गाळ असते. साहेबांले बी हे कधी सांगतलं नाही.

पद्मजा : संध्याकाळी गेटवर मी तुमच्यासोबत येते.

अंबादास : कायले? अण्णाले अजून एक डबा उघडाले लावता? बिचारा कालपासून माझ्याकडं पाहून नाही राहिला. आज दुपारी जेवालेबी नाही आला निंबाखाली. त्याचा वाटा तसाच पडला आहे.

पद्मजा : काका, डब्यात आज काय आहे?

अंबादास : तपासाले विचारून राहिल्या, का खायाले?

पद्मजा : खायला.

अंबादास : मंग गमबूट काढा आन् हात धुवून या. दोनदा. साबण त्या खिडकीत आहे.